मालकाची गाडी, कंपनीचे कुलूप

दहा-बारा वर्षांची एखादी मालमोटार महामार्गावर एकाएकी बंद पडते. टाकीत डिझेल आहे, बॅटरी भरलेली आहे, इंजिनातील लोखंडाचा एकही तुकडा मोडलेला नाही. तरीही स्टार्टर नुसता फिरत राहतो आणि इंजिन काही सुरू होत नाही. जवळच्या गॅरेजातील मिस्त्री येतो, फ्यूज बदलतो, वायरिंग चाचपतो, स्कॅनर जोडून पाहतो. पलीकडून काहीच उत्तर येत नाही. ‘ईसीएम गेला’ एवढे सांगून तो बाजूला होतो. त्या दोन शब्दांनी एका कुटुंबाची मिळकत थांबते. फायनान्स कंपनीचा हप्ता मात्र थांबत नाही.

ईसीएम म्हणजे इंजिनाचा कारभार पाहणारा संगणक. कोणत्या सिलिंडरमध्ये, कोणत्या क्षणी, किती डिझेल सोडायचे हे तो ठरवतो. भारत स्टेज ४ ची मानके १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाली. त्याआधीही काही गाड्यांवर हा संगणक होताच. त्यानंतर जड मालमोटारीला त्याच्यावाचून चालणे जवळजवळ अशक्य झाले. १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज ६ आल्यावर तर प्रश्नच उरला नाही. धूर कमी व्हावा म्हणून हे झाले आणि ते योग्यच झाले. महामार्गालगतच्या वस्त्यांत राहणारी माणसेही कष्टकरीच आहेत, आणि काळ्या धुराच्या जुन्या पंपासाठी अश्रू ढाळणे हे समाजवाद्यांचे काम नव्हे.

परंतु त्या जुन्या पंपाची एक गोष्ट विसरता कामा नये. १९५१ साली बंगळुरात मोटर इंडस्ट्रीज कंपनी स्थापन झाली आणि तिच्या आद्याक्षरांवरून डिझेल पंपाला ‘मायको पंप’ हेच नाव देशभर पडले. तंत्र जर्मन होते, भांडवलातही जर्मन वाटा होता; तो काही लोकांच्या मालकीचा पंप नव्हता. तरीसुद्धा गावोगावच्या पंपरूममध्ये तो उघडला जाई, चाचणीयंत्रावर चढवला जाई, त्याचे माप पुन्हा लावले जाई. मिस्त्रीच्या हाताखाली वाढलेला पोरगा काही वर्षांत स्वतः मिस्त्री होई. या व्यवस्थेत शोषण होते, बालमजुरी होती, मेहनतान्याची शाश्वती नव्हती. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण एकदा विकलेल्या यंत्रावर विकणाऱ्याची हुकमत तेथे उरत नसे. पंप ज्याने विकत घेतला तो त्याचा, आणि ज्याला उघडता येई त्याच्यापुढे तो उघडा.

ईसीएमचे तसे नाही. नवा ईसीएम दुकानातून आणून चार बोल्ट आवळले आणि प्लग बसवले म्हणजे गाडी सुरू झाली, असे होत नाही. तो नवा डबा कोरा असतो. त्याच्यात त्या गाडीचा चॅसिस क्रमांक, इंजिनाचा प्रकार आणि त्याची आज्ञावली भरावी लागते. प्रत्येक इंजेक्टर घडणीत किंचित वेगळा निघतो म्हणून त्याच्यावर कोरलेला संकेतांक अनेक इंजिनांत संगणकाला सांगावा लागतो; किल्लीत चोरीविरोधी यंत्रणा असेल तर तिचीही जोडणी करावी लागते. हे सारे करणारे सॉफ्टवेअर कंपनीचे, त्याचा परवलीचा शब्द कंपनीच्या अधिकृत केंद्राकडे, आणि ते केंद्र गाडी बंद पडली तेथून शंभर किलोमीटरवर. भंगारात निघालेल्या त्याच मॉडेलचा चांगला ईसीएम आणून लावावा, तर त्याच्या स्मृतीत दुसऱ्याच गाडीची ओळख ठसलेली. ती पुसल्याशिवाय तो बहुधा या इंजिनाला ओळख देत नाही. मग शहरातला एखादा हुशार कारागीर जुन्या डब्यातील स्मृती वाचून ती दुसऱ्यात उतरवतो. त्याची उपकरणे कोठून आली हे कोणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही. जो काल उस्ताद म्हणून ओळखला जाई, त्याच्यावर आज चोरासारखे काम करण्याची वेळ आणली गेली आहे.

डबा निकामी होतो तो बहुतेक वेळा अगदी साध्या कारणांनी. प्लगच्या जोडात पाणी शिरते. इंजिनाच्या सततच्या थरथरीने आतल्या पट्टीवरील डाग सुटतो. चॅसिसला वेल्डिंग करताना बॅटरीच्या तारा सोडायच्या राहून जातात. इंजेक्टरच्या वायरीत शॉर्ट होऊन त्याला वीज पुरवणारा आतला घटक जळतो. आणि ती वायर तशीच राहिली तर हजारो रुपयांचा नवा ईसीएमही त्याच वाटेने जातो. कित्येकदा तर ईसीएम गेलेलाच नसतो. त्याची अर्थिंगची तार गंजलेली असते, किंवा सेन्सरांना पाच व्होल्टचा पुरवठा करणारी एक तार कोठेतरी चॅसिसला घासून उघडी पडलेली असते आणि त्यामुळे एकाच वेळी चार सेन्सर मेल्याचे दिसते. वायरिंगचा नकाशा हाती असेल तर हा दोष जाणता मिस्त्री मीटर लावून सापडवू शकतो. तो नकाशा त्याला मिळत नाही. म्हणून तो अंदाजाने सुटे भाग बदलत जातो, आणि त्या अंदाजाची किंमत गाडीवाला मोजतो. मिस्त्री अडाणी आहे असे म्हणणाऱ्यांनी त्याला अडाणी कोणी ठेवले याचे उत्तर आधी द्यावे.

कंपन्यांचा युक्तिवाद ठरलेला आहे. कुलूप उघडले तर लोक प्रदूषण नियंत्रणात ढवळाढवळ करतील, ब्रेक आणि वेग यांच्याशी खेळतील. यातले पहिले अगदीच खोटे नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. युरियाचे द्रावण वापरणाऱ्या गाड्यांत ते न भरताच संगणकाला फसवणारी डबी बसवणारे महाभाग रस्त्यावर आहेत. पण विचार करावा: इतकी कुलपे असतानाही ती डबी बाजारात आलीच. कुलपाने लबाड अडला नाही; अडला तो सरळ माणूस, ज्याला आपली गाडी होती तशी पुन्हा चालू करायची आहे. जळालेल्या ईसीएमच्या जागी नवा बसवून त्यात कंपनीचीच मूळ आज्ञावली, एक आकडाही न बदलता भरणे यात प्रदूषण कोठे वाढते? आज्ञावलीतील मापे मोहोरबंद ठेवावीत. दोष शोधणे, नवा डबा गाडीशी जोडणे आणि मूळ आज्ञावली पुन्हा भरणे ही तीन कामे मात्र कोणत्याही नोंदणीकृत गॅरेजला वाजवी शुल्कात करता आली पाहिजेत. तंत्रदृष्ट्या यात अवघड काही नाही. अधिकृत केंद्रातला पगारी तंत्रज्ञ रोज हेच करतो. अडचण आहे ती नफ्याची.

कायदा या बाबतीत कोठे उभा आहे? भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटारकार उत्पादकांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधण्याची उपकरणे स्वतंत्र गॅरेजांपासून रोखून धरली, हाच त्यांच्यावरील ठपका होता. पुढे अपिलांचा सुपरिचित प्रवास सुरू झाला. निकाल कारबाबत होता. मालमोटारवाल्याच्या पदरात त्यातून काय पडले? जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. तिच्या विषयांत मोटारवाहने होती, शेतीची यंत्रेही होती. त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल उघडले गेले. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. कंपनीने स्वखुशीने काही सांगितले तर तेथे वाचायला मिळते. न सांगितल्यास तिला शिक्षा नाही. उलट २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५ अ हे कलम आले. हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला त्यात दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. कलमाला अपवाद आहेत. दुरुस्तीसाठी कुलूप उघडणारा त्यात बसतो असे वकील म्हणू शकेल. पण तो वकील गॅरेजवाल्याने कोणत्या पैशाने करायचा? अमेरिकेसारख्या भांडवलशाहीच्या माहेरघरी २०१५ साली वाहनाच्या मालकाला दुरुस्तीपुरती अशी सूट नियम करून स्पष्टपणे दिली गेली. तेवढी स्पष्टतासुद्धा येथे नाही.

आणि डावी चळवळ? ‘हा गाडीमालक आणि कंपनी यांच्यातला धंद्याचा तंटा आहे, त्यात आपले काय’ अशी वृत्ती आपल्या वर्तुळात आढळते. एक-दोन गाड्यांच्या मालकाला भांडवलदार म्हणणे हा पोथीवाद झाला. नोंदणीपुस्तकात नाव त्याचे, बोजा फायनान्स कंपनीचा, भाडे ठरवणार दलाल, डिझेलचा भाव ठरवणार तेल कंपन्या, आणि आता इंजिन चालावे की नाही हे ठरवणार निर्माता. स्वतःच स्टिअरिंगवर बसून रात्री जागवणारा हा माणूस कागदावर मालक आणि प्रत्यक्षात मजूर आहे. गाडी आठ वर्षांची झाल्यावर तिला दर वर्षी योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. त्याच सुमारास वॉरंटी केव्हाच सरलेली असते आणि संगणक कुरकुरू लागतो. ईसीएमचा खर्च परवडेना म्हणून चांगल्या लोखंडाची गाडी भंगारात काढायची आणि नव्या कर्जावर नवी घ्यायची, हा मार्ग त्याला दाखवला जातो. तो कोणाच्या सोयीचा आहे हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही.

हे लोक संघटित होत नाहीत ही समजूतही खोटी ठरली आहे. जानेवारी २०२४ मध्ये अपघातविषयक नव्या कलमाविरुद्ध चालकांनी चाके थांबवली, आणि वाहतूकदारांशी चर्चा केल्याखेरीज ते लागू करणार नाही असे आश्वासन सरकारला दोन दिवसांत द्यावे लागले. तुरुंगाच्या भीतीने जे एकत्र आले, त्यांना दुरुस्तीच्या प्रश्नावर एकत्र आणण्याचे काम कोणी केलेच नाही.

सुरुवात करण्याजोगी जागा महाराष्ट्रात आहे. राज्य परिवहन महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथे मध्यवर्ती कार्यशाळा आहेत. गाड्यांच्या बांधणीचा पिढ्यानपिढ्यांचा अनुभव तेथील कामगारांजवळ आहे. महामंडळ हे चॅसिसचे मोठे गिऱ्हाईक आहे. खरेदीच्या करारातच वायरिंगचे नकाशे, दोष शोधण्याचे सॉफ्टवेअर आणि ईसीएम जोडण्याचा अधिकार मागून घ्यावा. न देणाऱ्याची निविदा बाजूला ठेवावी. त्या कार्यशाळांत ईसीएम दुरुस्तीचे विभाग उघडावेत, ठरलेल्या दराने खाजगी मालमोटारींनाही ते खुले ठेवावेत आणि आयटीआयच्या मुलांना तेथे हे काम शिकवावे. एसटी कामगारांच्या संघटनांनी आणि ट्रान्सपोर्ट नगरांतील गॅरेजवाल्यांनी ही मागणी एकत्र बसून लिहून काढली, तर पुढच्या निविदेपूर्वी ती महामंडळाच्या टेबलावर ठेवता येईल.