तारनाक्याचे चेहरे

पाचव्या हेन्रीबरोबर १४१५ साली फ्रान्सवर चालून गेलेला एखादा साधा तिरंदाज आज नाव टाकले की सापडतो. साउदॅम्प्टन आणि रेडिंग या दोन विद्यापीठांतल्या अभ्यासकांनी १३६९ ते १४५३ या काळातले इंग्रज फौजांचे हजेरीपट चाळले आणि दोन लाखांहून अधिक नोंदी सर्वांसाठी खुल्या केल्या. हजेरीच्या दिवशी जो शिपाई जागेवर उभा असे, त्याच्या नावाशी कारकून शाईचा ठिपका देई. त्या ठिपक्यांतून आता तिथली माणसे आपापले खापरपणजोबा शोधत बसतात. आडनाव जुळले म्हणजे रक्त जुळले असे नव्हे, पण हौसेला मोल नसते.

हे वाचून आपण हळहळायचे कारण नाही. आपल्याकडे याहून सरस माल आहे, आणि तो हैदराबादेत आहे. उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारी, तारनाक्याला, तेलंगणाचे राज्य अभिलेखागार आहे. शाहजहान आणि औरंगजेब यांच्या दख्खनच्या कारभाराचे सुमारे दीड लाख फारसी कागद तिथे आहेत. एकेकाळी ही दफ्तरे औरंगाबादच्या किल्ले अर्कमध्ये होती. त्यांतच ‘अर्ज-ओ-चेहरा’ नावाचे कागद आहेत, म्हणजे फौजेतल्या स्वारांच्या चेहरेपट्ट्या.

इंग्रज कारकुनाने नाव आणि हुद्दा लिहून हात झटकले. मोगल कारकून तसा सोडणारा नव्हता. स्वाराचे नाव, बापाचे नाव, जात, ठिकाण. मग रंग गव्हाळ, कपाळ रुंद, भुवया मोकळ्या, डोळे मेंढीचे, नाक उंच. देवीचे व्रण, तीळ, जुन्या जखमेची खूण, जे असेल ते. पुढे घोड्याची पाळी: कुमाईत की अबलख की सुरंग, आणि अंगावरचा डाग. (घोड्याच्या बाबतीत इंग्रजही काही काळ असेच काटेकोर होते. चौदाव्या शतकात त्याचा रंग आणि किंमत ते टिपून ठेवत, कारण तो मोहिमेत मेला तर राजाच्या तिजोरीतून भरपाई द्यावी लागे.)

एवढी बारीक नजर कशासाठी, तर चोरीला आळा घालायला. मनसबदार शंभर स्वारांचा पैसा उचलणार, पदरी साठच ठेवणार आणि तपासणीच्या दिवशी शेजाऱ्याची तट्टे मागून आणून उभी करणार, हे बादशहाला पक्के ठाऊक होते. म्हणून चेहरा लिहा, घोडा डागा, मगच तनखा. या कागदांची खरी किंमत इथेच आहे. तवारीख लिहिणाऱ्याला धनी खूश ठेवायचा असतो, बखरकाराला धन्याचे घराणे. पगार वाटणाऱ्या कारकुनाला फक्त हिशेब जुळवायचा असतो. तो लाच खाऊन खोटा घोडा चढवीलही, पण ते खोटे त्या घोड्यापुरतेच.

आता आपली गोष्ट. मोगल-मराठा युद्धावर मराठीत जेवढा आवेश खर्च होतो तेवढा क्वचितच दुसऱ्या कशावर होत असेल. कादंबऱ्या, चित्रपट, फलक, मोर्चे. इतिहासकार अथर अली यांनी १९६६ साली औरंगजेबाच्या उमरावांची मोजदाद छापली. १६७९ ते १७०७ या काळात एक हजारी आणि त्यावरच्या ५७५ मनसबदारांत ९६ मराठे निघाले. सरदारांची ही यादी झाली. त्यांच्या हाताखाली घोड्यावर बसलेला माणूस कुठल्या गावचा होता, हे शोधायचे तर चेहरेपट्ट्यांपर्यंतच जावे लागेल. आपला पूर्वज कोणत्या छावणीत हजेरी देत होता हे कळण्याची फारशी घाई कोणाला दिसत नाही. उगाच नको ते सापडायचे.

अडचण लिपीचीही आहे, हे कबूल. शिकस्ता म्हणजे घाईत लिहिलेली फारसी. नुक्ते गाळलेले, शब्द एकमेकांत अडकलेले. पण ती वाचणारे मराठीत झालेच नाहीत असे नाही. पुण्यात ग. ह. खरे यांनी ‘ऐतिहासिक फारसी साहित्य’चे खंड काढले. सेतुमाधवराव पगडी तर हैदराबाद संस्थानच्या सनदी सेवेतले, जन्म निलंग्याचा. भीमसेन सक्सेनाची ‘तारीख-ए-दिल्कुशा’ त्यांनी मराठीत आणली. भीमसेन हा औरंगजेबाच्या फौजेबरोबर दख्खनभर हिंडलेला कारकून. महागाई, चिखल, उपासमार आणि सरदारांची लबाडी यांवर त्याचा डोळा बादशहाच्या स्तुतिपाठकांपेक्षा जास्त स्वच्छ होता. मोगल दरबाराची बातमीपत्रेही पगडींनीच मराठी वाचकापुढे ठेवली.

पगडी १९९४ साली गेले. हैदराबादेत मराठी माणसांची कमतरता नाही, संस्थाही जुन्या आणि धडधाकट आहेत. घरात मराठी, बाजारात दखनी, अशा कानांना उर्दू परकी नाही आणि उर्दूवरून फारसीच्या हिशेबी भाषेत शिरणे पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यापेक्षा इथल्याला निश्चित सोपे. तरी शिवजयंतीला वक्ता बाहेरून बोलवायचा, त्याने घसा ताणून तीच लढाई पुन्हा जिंकायची आणि सभागृहापासून अर्ध्या-पाऊण तासावरच्या तारनाक्याला कोणी फिरकायचे नाही, असा रिवाज पडला आहे.

एका वक्त्याच्या प्रवासखर्चात आणि मांडवाच्या भाड्यात शिकस्ता शिकवणाऱ्या उस्तादांचे काही महिन्यांचे मानधन सहज निघेल. संध्याकाळचा वर्ग, दहा-बारा जण, आणि पहिले काम म्हणून शंभर चेहरेपट्ट्या मराठीत. त्यातही गावांची सूची आधी छापावी. आपल्या गावाचे नाव दिसले की देणगीदार आपोआप सापडतील. तो स्वार कोणाच्या बाजूचा होता हे त्यांना पावती फाडल्यावर सांगावे.