शेजारच्या शहराची उत्तरपत्रिका

आम्हां शिक्षकांस परीक्षेच्या दिवसांत एक गोष्ट हटकून पाहावयास मिळते. गणिताच्या पेपरांत आम्ही शेजारीं शेजारीं बसणाऱ्या मुलांस एकाच रीतीचीं, परंतु निरनिराळ्या आंकड्यांचीं उदाहरणें घालतों. एखादा उतावळा विद्यार्थी हळूच शेजाऱ्याच्या कागदाकडे नजर टाकतो आणि उत्तर उतरून घेतो. शेजाऱ्याचें उत्तर अगदीं बरोबर असतें; याचें मात्र साफ चुकतें. तो आश्चर्यानें विचारतो, "गुरुजी, त्याला पूर्ण गुण आणि मला शून्य, हें कसें?" त्यानें उत्तर पाहिलें, रीत पाहिली नाहीं, आणि स्वतःच्या उदाहरणांतले आंकडे तर वाचलेच नाहींत.

हा दोष केवळ शाळकरी मुलांत असता तर त्यावर आम्ही लेख लिहिला नसता. परंतु मोठमोठ्या शहरांच्या कारभारांतही तो आढळतो. आपल्या देशांतील शहरें झपाट्यानें वाढत चाललीं आहेत. एका शहरांत कांहीं नवें व देखणें काम झालें कीं दुसऱ्या शहरांतील शिष्टमंडळें तें पाहावयास जातात. हें जाणें येणें स्तुत्य आहे. जें शहर दुसऱ्याकडून कांहींच शिकत नाहीं, त्याला प्रत्येक ठेंच स्वतःच खावी लागते. आमचें म्हणणें इतकेंच कीं, शहरानें शहरापासून रीत शिकावी, उत्तर उतरून घेऊं नये. नदीकाठाच्या सुधारणेचें उदाहरण घेऊन हें स्पष्ट करण्याचा आम्ही प्रयत्न करतों.

प्रथम अहमदाबाद पाहूं. साबरमती ही वर्षांतील पुष्कळ महिने जवळजवळ कोरडी राहणारी नदी. तिच्या वाळवंटांत भाजीपाला पिकें, धोबी कपडे धूत, दर रविवारीं गुजरी बाजार भरे, आणि कांठावर हजारों गोरगरीब झोपड्या बांधून राहत. १९९७ सालीं तेथील महानगरपालिकेनें नदीकाठ सुधारण्यासाठीं एक स्वतंत्र मंडळी स्थापिली आणि २००५ सालीं काम सुरू झालें. दोन्ही बाजूंस सुमारें अकरा अकरा किलोमीटर लांबीच्या भिंती बांधून पात्र एकसारख्या रुंदीचें करण्यांत आलें. त्यामुळें सुमारें २०० हेक्टर नवी जमीन मिळाली, आणि तिचा कांहीं भाग विकून खर्च भागवावा असें ठरलें. पात्रांत नर्मदेच्या कालव्याचें पाणी सोडून तें वासणा येथील बंधाऱ्यानें अडविलें जातें. २०१२ सालापासून लोक तेथें फिरावयास जाऊं लागले. सायंकाळीं मुलाबाळांसह तेथें बसलेलीं कुटुंबें पाहून कोणासही आनंद व्हावा, हें आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों.

परंतु या चित्राची दुसरीही बाजू आहे. कांठावरील दहा हजारांहून अधिक कुटुंबांना आपलीं घरें सोडावीं लागलीं. पुनर्वसनासाठीं त्यांना उच्च न्यायालयापर्यंत जावें लागलें, आणि कित्येकांस मिळालेलीं नवीं घरें त्यांच्या रोजगारापासून फार दूर होतीं. शिवाय वासणा बंधाऱ्याच्या खालीं तीच नदी इतकी घाण झाली कीं, २०२१ सालीं गुजरात उच्च न्यायालयानें आपण होऊन त्या प्रदूषणाची दखल घेतली. पाहुण्यांस वरचें निर्मळ पाणी दाखविलें जातें. खालच्या गांवांचें पाणी पाहावयास कोण जातो?

आतां समुद्रापलीकडे दक्षिण कोरियाची राजधानी सेऊल येथें जाऊं. त्या नगराच्या मध्यभागीं चेओंग्येचेओन नांवाचा एक ओढा आहे. तो पूर्वीं झांकून टाकून त्यावर रस्ता व त्याच्याही वर उंच पुलावरचा दुसरा रस्ता बांधला होता. २००३ सालीं तो उंच रस्ता पाडण्यास आरंभ झाला, आणि २००५ सालीं सुमारें पावणेसहा किलोमीटर लांबीचा ओढा पुन्हां उघडा झाला. जगांतून लोक तो पाहावयास येतात; परंतु पाहणाऱ्याच्या डोळ्यांस दोन गोष्टी दिसत नाहींत. एक अशी कीं, त्यांतील बहुतेक पाणी हान नदींतून पंपानें उचलून आणावें लागतें. त्याचा खर्च कायमचा आहे. दुसरी अशी कीं, गाड्यांचा रस्ता काढून घेण्याबरोबरच २००४ सालीं त्या नगरानें आपली बसगाड्यांची व्यवस्था नव्यानें लावली आणि बसला रस्त्याच्या मधोमध वेगळी वाट दिली. ती नसती तर रस्ता पाडतांच वाहतुकीचा गोंधळ उडाला असता. तेथेंही गरिबांस झळ लागलीच. ओढ्याकाठचे फेरीवाले एका जुन्या क्रीडांगणांत नेऊन बसविले. कांहीं वर्षांतच तें क्रीडांगणही पाडलें, आणि त्यांना पुन्हां उठावें लागलें.

तिसरें उदाहरण हॉलंडमधील नायमेखन शहराचें. तेथें वाल नदी वळण घेते आणि अरुंद होते. १९९३ व १९९५ सालीं त्या देशांतील नद्यांस मोठे पूर आले. १९९५ सालीं सुमारें अडीच लाख माणसांना घरें सोडून सुरक्षित जागीं जावें लागलें. शेंकडों वर्षें बंधारे उंच करीत आलेल्या त्या लोकांनीं तेव्हां निराळा विचार केला. भिंत आणखी उंच करण्याऐवजीं नदीलाच जागा द्यावी असें त्यांनीं ठरविलें. नायमेखनसमोरील लेंट गांवाजवळ बांध सुमारें ३५० मीटर मागें घेतला व नदीसाठीं दुसरी वाट खोदली. सुमारें ५० घरें त्यासाठीं गेलीं, आणि रहिवाशांचा आरंभीं विरोधही झाला. परंतु पुराची पातळी सुमारें ३५ सेंटीमीटरनें उतरली, आणि मध्यें तयार झालेल्या बेटावर लोकांना हिंडावयास नवी जागाही मिळाली.

पाहा, तीन शहरें आणि तीन उत्तरें! एकानें पात्र बांधून काढलें, दुसऱ्यानें झांकलेलें उघडलें, तिसऱ्यानें रुंद केलें. यांतील बरोबर कोणतें, असें कोणी विचारील तर आम्ही उलट विचारूं, "उदाहरण कोणतें घातलें होतें?"

आतां आपल्या घराजवळील पुण्याचें उदाहरण वाचूं. पुण्यांत मुळा व मुठा यांच्या सुमारें ४४ किलोमीटर कांठांच्या विकासाची योजना आखण्यांत आली, आणि मार्च २०२२ मध्यें तिची कोनशिला बसविण्यांत आली. साबरमतीचा आराखडा अहमदाबादच्या ज्या संस्थेनें केला, तिच्याचकडे हेंही काम सोंपविलें गेलें. एप्रिल २०२३ मध्यें शेंकडों नागरिक कांठावरील झाडांच्या रक्षणासाठीं रस्त्यावर उतरले. योजनेचे कर्ते म्हणतात कीं, तिच्यामुळें पुराचा धोका कमी होईल व नदी लोकांच्या जवळ येईल. विरोधक म्हणतात कीं, भरावानें पात्र आवळलें जाईल व कांठची सृष्टि नष्ट होईल.

आमच्या मतें या वादांत अगोदर पुण्याचे आंकडे नीट मांडले पाहिजेत. अहमदाबादेंत मुख्य अडचण कोरड्या पात्राची होती. पाणी बाहेरून आणावें लागलें. पुण्याची गोष्ट तशी नाहीं. मुठेच्या खोऱ्यांत टेमघर, वरसगांव, पानशेत व खडकवासला अशीं चार धरणें आहेत. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत फुटलें, त्यामागोमाग खडकवासलाही फुटलें, आणि नदीकाठचें पुणें पाण्याखालीं गेलें. ही हकीगत आजही घरोघरीं सांगितली जाते. सप्टेंबर २०१९ मध्यें आंबील ओढ्याच्या पुरानें एका रात्रींत अनेकांचे प्राण घेतले. जुलै २०२४ मध्यें धरणांतून सोडलेलें पाणी सिंहगड रस्त्यावरील वस्तींत शिरलें. आणि उन्हाळ्यांत याच नद्यांतून बव्हंशीं सांडपाणी वाहतें. म्हणजे पुण्याचे प्रश्न दोन: पावसाळ्यांतील पूर आणि बाराही महिन्यांची घाण. साबरमतीचें उत्तर या उदाहरणाखालीं जसेंच्या तसें मांडणें म्हणजे निराळ्या आंकड्यांस शेजाऱ्याचें उत्तर लावणें होय. अगोदर सांडपाणी नदींत जाण्याचें थांबावें, निळ्या व लाल पूररेषांच्या आंत पाण्याची जागा पाण्यासाठीं राखावी. मग बांक आणि फुलझाडें यांचा विचार खुशाल करावा. या बाबतींत पुण्यास अहमदाबादेपेक्षां नायमेखन अधिक शिकवील, असें आम्हांस वाटतें.

तथापि अहमदाबाद व सेऊल यांचा धडाही टाकाऊ नाहीं. शेजाऱ्याची चूकही अभ्यासण्याजोगी असते. दोन्हीकडे ज्यांचें पोट कांठावर अवलंबून होतें, त्यांचा विचार सर्वांत शेवटीं झाला. जें शहर दुसऱ्याच्या बागेचें चित्र घेऊन येतें, त्यानें तेथून उठविलेल्या कुटुंबांचीही विचारपूस करून यावें.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं पुढें इंजिनिअर होतील, कांहीं नगरसेवक होतील, आणि सर्वच नागरिक होतील. त्यांना आमचें सांगणें असें: कोणतीही नवी योजना पुढें आली कीं चार प्रश्न विचारावे. मूळ ठिकाणीं अडचण कोणती होती? आपली अडचण तीच आहे काय? न दिसणारा खर्च किती, व तो वर्षानुवर्षें कोण सोसणार? आणि घर कोणाचें जाणार? पालकांसही विनंति आहे कीं, शहराच्या आराखड्यावर हरकती व सूचना मागविल्या जातात, तेव्हां तो कागद रद्दींत न टाकतां घरांत वाचावा आणि मुलांदेखत त्यावर बोलावें. नागरिकत्वाचा हा पाठ आमच्या फळ्यापेक्षां आपल्या ओसरीवर अधिक चांगला शिकवितां येईल.

परीक्षेंत उत्तर चुकलें तर एका मुलाचे गुण जातात, आणि पुढच्या वर्षीं तो पुन्हां बसूं शकतो. शहराचें उत्तर चुकलें तर पुराच्या रात्रीं त्याची किंमत लहानथोरांस द्यावी लागते, आणि ती परीक्षा पुन्हां देतां येत नाहीं. म्हणून शेजाऱ्याच्या पाटीकडे अवश्य पाहावें. मात्र तत्पूर्वीं स्वतःच्या पाटीवरचें उदाहरण पुरतें वाचावें.