भंगारात काढण्याआधी

वर्कशॉपमागच्या शेडमधली प्रीमियर पद्मिनी यंदा भंगारात निघणार, अशी बातमी मेसमध्ये फिरते आहे. कारण काय, तर जागा अडते आणि गाडी 'मिसिंग' मारते. जागेचं मला माहीत नाही. पण मिसिंग मारते म्हणून गाडी काढायची, हे मेकॅनिकल डिपार्टमेंटला शोभत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. उलट मिसिंग मारते म्हणूनच ती ठेवायला हवी! (मराठी कॉन्व्हेंटचं आहे, सांभाळून घ्या. मत मात्र पक्कं आहे.)

'बॅटरी इग्निशन सिस्टीम' ही आकृती प्रत्येकाच्या जर्नलमध्ये आहे. निम्म्या जणांनी ती जीटी मारून काढलेली असते, हे सरांनाही ठाऊक आहे. बॅटरी, कॉइल, सीबी पॉइंट, कंडेन्सर, डिस्ट्रिब्युटर, प्लग. बाण काढले, सही घेतली, संपलं. आता त्याच मुलाला शेडमध्ये नेऊन विचारा, इंजिन धडधडतंय, दोष कुठे? तो म्हणणार, प्लग बदलू. मग पॉइंट बदलू. मग कॉइल. अहो, ही खरेदी झाली, निदान कुठे झालं?

निदानाचा पहिला प्रश्न साधा आहे. ठराविक एकच सिलिंडर ठोका चुकवतोय, की कुठलाही, केव्हाही? इंजिन आयडलिंगवर ठेवून इन्सुलेटेड पकडीने एकेक प्लगची वायर काढायची आणि लगेच अर्थ करायची (मोकळी सोडली तर कॉइलवर ताण येतो). चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन बसतं. मेलेल्याची काढली तर काहीच फरक पडत नाही. मग त्याचा प्लग शेजारच्याशी बदलून पाहायचा, नंतर वायर. दोष त्यांच्याबरोबर सरकला तर चोर सापडला. नाही सरकला तर कॅपचं ते टर्मिनल बघा, कॉम्प्रेशन बघा.

मिसिंग कुठल्याही सिलिंडरला होत असेल, तर जे चौघांना सामाईक आहे तिकडे वळायचं: पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, रोटर. पॉइंट लवकर जळून खड्डे पडत असतील तर संशय कंडेन्सरवर. आणि म्हाताऱ्या गाडीत पुष्कळदा विसरला जातो तो डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचा बुश. पॉइंटचा गॅप अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असतो. बुश झिजला की शाफ्ट डुलतो, आणि कॅमच्या चार लोबवर चार वेगळे गॅप मिळतात. तुम्ही फीलर गेज घालून एका लोबवर कितीही नीट सेट करा, पुढच्या लोबवर तो बिघडलेलाच! कॅप काढून शाफ्ट आडवा हलवून बघा. गॅप डोळ्यांना कमी-जास्त होताना दिसला तर स्क्रू पिळण्यात अर्थ नाही. टायमिंग लाइट लावली तर पुलीवरची खूण नाचताना दिसेल. ३००० आरपीएमला चार सिलिंडरचं इंजिन सेकंदाला १०० ठिणग्या मागतं, आणि डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे तिथली एक डिग्रीची चूक क्रँकवर दोन डिग्रीची होते. हे गणित परीक्षेत का विचारत नाहीत?

कॅपला बारीक तडा असेल तर पावसाळ्यात, अंधारात निळी ठिणगी कॅपवरून सरपटताना दिसते. हॉस्टेलचे लाइट गेल्यावर बोंब मारण्यापेक्षा शेडमध्ये चला, मोठी मजा आहे.

यावर काही जण म्हणतात, हे सगळं इतिहासजमा झालं. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. आता स्कॅनर लावला की कोड येतो. येतो ना! पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरला मिसफायर. पण का, ते कोड सांगत नाही. मग मेकॅनिक पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर लावतो आणि कोड पी ०३०२ होतो का ते पाहतो. आणि ईसीयूला तरी कसं कळतं? त्या स्ट्रोकला क्रँक किंचित मंदावतो, त्यावरून. वायर काढल्यावर आपले कान नेमकं तेच ऐकत असतात.

वर्कशॉपचे काका म्हणतात, "ताई, बुश घातला तर गाडी उद्या चालेल." बुश आपल्याच लेथवर वळता येईल. स्टेप टर्निंगचे जॉब दरवर्षी फाइल सही झाली की कोपऱ्यात पडतात, त्याऐवजी फॉस्फर ब्राँझचा एक बुश वळा, प्रेस करा, रीमरने मापात आणा. आणि झिजलेला दुसरा एखादा डिस्ट्रिब्युटर मिळाला तर तोही टाकू नका. प्रॅक्टिकलच्या दिवशी सरांनी तो बसवावा, किंवा तडा गेलेली कॅप, किंवा १-३-४-२ ऐवजी उलटसुलट लावलेल्या वायरी. हातात एक टेस्ट लँप, एक फीलर गेज, वेळ अर्धा तास.