प्रिमरोझची लागवड व मुद्दलाचा हिशेब

शेतकऱ्यांच्या मासिकांत विलायती फुलझाडाची चर्चा कशास, असें वाचक विचारतील. परंतु रोप कोठून आणावें व त्याचा वंश कसा राखावा, हा प्रश्न सर्वच लागवडीचा आहे, आणि प्रिमरोझच्या उदाहरणानें तो चांगला उलगडतो.

हें इंग्लंडच्या रानांतील बहुवर्षायु झाड होय. थंडी सरतां सरतां, वरच्या वृक्षांस पालवी फुटण्यापूर्वींच, तें फिकट पिवळीं फुलें देऊं लागतें. बागेंत त्यास पानझडी झाडांची विरळ सावली, कुजलेल्या पाल्याचें खत व उन्हाळ्यांतही ओल धरणारी जमीन लागते. एवढें मिळालें म्हणजे तें वर्षानुवर्षें टिकतें.

असें असतां रानांतील रोपेंच उपटून बागेंत आणण्याचा मोह पुष्कळांस होतो. ब्रिटनमध्यें 1981 च्या कायद्यानें जमीनमालकाच्या परवानगीवांचून रानटी झाड मुळासकट उपटणें हा गुन्हा ठरला, हें योग्यच झालें. परंतु कायद्याचें भय नसतें तरी हिशेब तोच सांगतो. रानांतील ताटवा हें मुद्दल आहे; मुद्दल खाणें हें शहाण्याचें लक्षण नव्हे. बागेंतील जुनें झुडूप बहर ओसरल्यावर खणून काढावें, प्रत्येक भागास मुळें राहतील अशा बेतानें तें विभागावें, लागलीच लावावें व पाणी द्यावें. दोनतीन वर्षांनीं हाच क्रम पुन्हां करावा. हें व्याज खुशाल खावें.

बी धरावयाचें असल्यास मात्र एक मर्म ध्यानीं ठेवावें. याच्या फुलांच्या दोन तऱ्हा आहेत. एकींत स्त्रीकेसर लांब असून पुंकेसर नळींत खोल असतात. दुसरींत याच्या उलट. एका रोपावर एकच तऱ्हा येते. एकीचा पराग दुसरीस मिळाला तरच भरपूर बी धरतें, असें चार्ल्स डार्विन यांनीं 1862 सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत दाखविलें. म्हणून एकाच झुडपाचे भाग करून सारा वाफा भरणारा माळी फुलें पाहील, बी क्वचितच पाहील. दोन्ही तऱ्हा शेजारीं लावाव्या, व बी ताजें असतांनाच पेरावें.

दख्खनच्या उन्हाळ्यांत हें झाड तगणार नाहीं. तेव्हां पाकिटावरील चित्रास भुलून कोणीं पैसे घालवूं नयेत. धडा तेवढा घ्यावा. आपल्या घाटांतील फुलझाडें मुळासकट उपटून आणण्यापूर्वीं प्रत्येकानें हाच हिशेब मांडावा, असें आमचें नम्र मत आहे.