थंड डांबराला विरोध नाही, थंड कारभाराला आहे



सीतादही होऊन पहिला वेचा घरात आला की खेडा खरेदीवाला दारात हजर होतो. बाजारापेक्षा कमी भाव सांगतो आणि आपण माल देतो. का देतो? परतीच्या पावसाने ट्रॅक्टर पांदणीतून निघत नाही, हे त्याला आपल्याइतकेच ठाऊक असते. रस्ता नसल्याचा दंड आपण दर हंगामात क्विंटलमागे भरतो. त्याची पावती मात्र कोणी फाडत नाही.

रस्ते मुळी झालेच नाहीत, असे आम्ही म्हणत नाही. २५ डिसेंबर २००० ला प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली, बऱ्याच गावांना डांबर दिसले. पण दोन पावसाळ्यांत रस्ता उखडला की साहेब म्हणतात, "तुमची माती काळी, आम्ही काय करणार?" जणू काळी माती आम्हीच रातोरात आणून टाकली!

गरम डांबराचे मिश्रण प्लांटवर दीडशे अंशांच्या आसपास तयार होते. टिप्पर खाचखळग्यांतून गावात पोचेपर्यंत ते निवते. निवलेला माल रोलरखाली नीट दबत नाही, फटींत पाणी शिरते. आणि ज्याचा प्लांट, त्याचेच टेंडर.

याला पर्याय आहे इमल्शनचा, म्हणजे पाण्यात बारीक थेंबांनी मिसळलेल्या डांबराचा. निंबोळी तेल पाण्यात मिसळत नाही. साबण घातला की मिसळते आणि पंपात चालते. तीच ही युक्ती. ड्रममधून निघते तपकिरी. खडीला लागले की पाणी सुटते, डांबर खडी धरते आणि काळे होते. भट्टी नको, खडी तापवणे नको, खडी ओलसर असली तरी चालते. साध्या काँक्रीट मिक्सरमध्ये काम होते. मजुरांच्या अंगावर उकळते डांबर उडत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१४ मध्येच याची मार्गदर्शिका काढली आहे. तेव्हा "अजून प्रयोग चालू आहेत" ही सबब आम्हाला सांगू नका.

पण आम्ही शेतीशास्त्र शिकलेली माणसे, नव्या औषधाची बाटली पाहून हुरळत नाही. फवारणीवर लगेच पाऊस आला की औषध धुऊन जाते. इथेही तसेच. डांबराने खडी धरण्याआधी सर आली तर पैसा नालीत गेला. म्हणून आभाळ भरलेले असताना काम सुरू करू देऊ नका. दुसरे असे, की या ड्रममध्ये मुळातच तीस-चाळीस टक्के पाणी असते. दूधवाल्याच्या हाती आयता हंडा दिल्यासारखे झाले! खडीत मिसळायच्या प्रतीतले पाणी उडवल्यावर शेकडा साठ-पासष्ट डांबर उरलेच पाहिजे. नमुना ग्रामस्थांसमोर घ्यावा आणि तपासणीचा कागद ग्रामपंचायतीत लावावा, ही आमची मागणी आहे.

खरी गोम तर डांबरात नाहीच. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ज्वारीच्या वावरात हात जाईल अशी भेग पडते, ती रस्त्याखाली पडणार नाही काय? वरचा डांबराचा थर बहुधा वीस मिलिमीटरचा. तो गरम घाला की थंड, खाली चांगला दाबलेला मुरूम नसेल, भराव उंच नसेल, दोन्ही बाजूंना नाली नसेल, तर तो फुटणारच. मुरूम कागदावर आणि वर थंड डांबर, याला आम्ही नवे तंत्रज्ञान म्हणणार नाही. जुनीच चोरी म्हणू.

ग्राम सडक योजनेच्या रस्त्याची पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराच्या करारातच असते. खड्डे बुजवायला हे इमल्शन सोयीचे. चार खड्ड्यांसाठी प्लांट पेटवावा लागत नाही, त्यामुळे "प्लांट बंद आहे" हे उत्तर चालणार नाही.

जिल्हा बैठकीला येताना आपापल्या रस्त्याचे अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तकाची प्रत आणा. देत नसतील तर माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली आजच अर्ज टाका. मुरुमाचा थर कागदावर किती आहे ते वाचा, आणि येण्याआधी रस्त्याच्या कडेला कुदळ मारून तो खरोखर किती भरतो, ते मोजून आणा.