हवाईची गोधडी आणि राणीची नोंद

जुनी लुगडी, विरलेली धोतरे एकावर एक घालायची, कडेपासून दोरा भरत मध्यापर्यंत यायचे आणि थंडीच्या आत वाकळ उरकायची. हे आपल्या आयाबहिणींना शिकवायला कोणी बाहेरचे आले नव्हते. हवाई बेटांवर मात्र गोधडी कोणी व कधी शिकवली, याची चक्क तारीख सापडते. कारकुनी करणाऱ्या आम्हांला तारीख दिसली की पुढचे वाचल्याशिवाय राहवत नाही.

पॅसिफिक महासागरातली ही बेटे १९५९ पासून अमेरिकेचे एक राज्य आहेत. पूर्वी तिथे स्वतंत्र राज्य होते. ३ एप्रिल १८२० रोजी 'थॅडिअस' नावाच्या जहाजाच्या डेकवर अमेरिकन मिशनऱ्यांच्या बायकांनी तिथल्या राजघराण्यातील स्त्रियांना सुईदोरा देऊन कापडाचे तुकडे जोडायला बसवले. नीट कपडे घालणे, शिवणकाम करणे हा त्यांच्या धर्मशिकवणुकीचाच भाग होता.

पण म्हणून हवाईची माणसे तोवर उघड्यावर कुडकुडत होती असे कोणी समजू नये. 'वाउके' नावाच्या झाडाची आतली साल भिजवून, लाकडी बडवण्यांनी ठोकून त्या बायका 'कापा' नावाचे कापड करीत. त्याचे थर एका कडेला शिवून पांघरूण होई आणि वरचा थर रंगवून, ठसे उमटवून सजवलेला असे.

मिशनरी बायकांची पद्धत म्हणजे कापडाचे लहान लहान तुकडे जोडणे. हवाईच्या बायकांना ते चमत्कारिक वाटले असे सांगतात. चांगले अखंड कापड कापून त्याच्या चिंध्या करायच्या आणि त्याच पुन्हा जोडायच्या, हा कुठला न्याय? भगिनींनो, आम्हांला हा प्रश्न फार पटला. ज्यांच्या घरात चिंध्या साठतात त्यांनी त्या जोडाव्यात. नवे कापड फाडायला आपली आजीही तयार झाली नसती.

मग त्यांनी आपली रीत काढली. एका रंगाचे मोठे कापड तीनदा दुमडायचे, म्हणजे आठ पदर होतात. त्यावर पानाफुलांची आकृती धरून एकदाच कात्री चालवायची. शाळेतली मुले कागदाची घडी घालून फुले कापतात, तेच हे. घडी उलगडली की मध्यापासून चारी दिशांना पसरलेली एकच मोठी नक्षी हाती येते. ती दुसऱ्या रंगाच्या कापडावर, बहुधा पांढऱ्यावर तांबडी, आधी कच्च्या टाक्यांनी बसवायची आणि मग सुईच्या टोकाने कड आत दुमडत बारीक टाके घालायचे. खाली कापसाचा थर व अस्तर लावून नक्षीच्या कडेकडेने ओळीमागून ओळ शिवत जायचे. पाण्यात खडा टाकल्यावर वर्तुळे उठतात तशा या ओळी दिसतात. शिवण्याची चौकट जुन्या काळी बुटकी असे, कारण बायका चटईवर बसून काम करीत.

आजही तिथे बायका गट करून एकत्र बसतात. नव्या बाईला पहिल्यांदा उशीच्या अभ्र्याएवढे लहान काम देतात. पहिली नक्षी 'उलू'ची घ्यावी असा संकेत आहे. उलू म्हणजे आपल्या कोकणातला नीरफणस. त्या झाडाने पिढ्यान् पिढ्या पोट भरले, तेव्हा आरंभ त्याच्यापासून केला तर घरात काही कमी पडत नाही असे मानतात.

नक्षी जिने काढली तिचीच, आणि तिचे नावही तीच ठेवणार. न विचारता उचलली तर ती चोरी. मैत्रिणीने आपण होऊन दिली तर गोष्ट वेगळी. आज दुकानांतून 'हवाईयन' म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी गोधड्या दुसऱ्याच देशांत शिवलेल्या असतात. त्या शिवणाऱ्या बाईला किती मजुरी मिळते आणि नक्षी कोणाची, हे गिऱ्हाईक विचारीत नाही.

१८९३ च्या जानेवारीत अमेरिकन व्यापारी व मळेवाल्यांच्या गटाने राणी लिलिउओकलानी यांची सत्ता उलथवली. १८९७ साली अमेरिकेत विलीन होण्याविरुद्ध एकवीस हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांनी अर्जावर सह्या केल्या. तरीही पुढच्याच वर्षी ठराव झाला आणि १२ ऑगस्ट १८९८ रोजी होनोलुलूच्या राजवाड्यावरून हवाईचा ध्वज उतरला. त्या काळात मधे राजचिन्ह आणि भोवती हवाईचे चार ध्वज अशा गोधड्या घरोघर शिवल्या गेल्या. कोणी त्या पलंगाच्या छताला आतून बांधीत, म्हणजे निजताना डोळ्यांसमोर आपला ध्वज राहील.

राणीसाहेबांनीही गोधडी केली. १८९५ मध्ये, बंडाची माहिती असून कळवली नाही या आरोपावरून त्यांना त्यांच्याच इओलानी राजवाड्यातल्या वरच्या एका खोलीत सुमारे आठ महिने कोंडून ठेवले होते. तिथे त्या रेशीम, मखमल, फिती असे तुकडे जोडत बसल्या. ज्या देशातल्या बायकांना अखंड कापड कापवत नव्हते, त्याच देशाची राणी! नऊ चौकोनांची ती गोधडी आज त्या राजवाड्यातच ठेवलेली आहे. मधल्या चौकोनावर कैदेची तारीख दोऱ्याने भरली आहे, आणि त्या खोलीत सोबत राहिलेल्या बाईचे पूर्ण नावही.