विश्लेषण : झाडांची भरपाई रोपे मोजून होते का?

दहिसर पूर्व ते मीरा-भाईंदर या ‘मेट्रो ९’ मार्गिकेच्या कारशेडसाठी डोंगरी येथील ११ हजारांहून अधिक झाडे तोडण्याचा प्रस्ताव २०२५ मध्ये पुढे आला. रहिवाशांनी त्याला जोरदार विरोध केला. अशा वेळी ‘बदल्यात नवी झाडे लावू’ असे आश्वासन मिळते. पण देशी झाडे निसर्गाच्या वेळापत्रकानुसार वाढतात. ते वेळापत्रक काय आहे?

काटेसावरीचे वर्ष कसे असते?

कोकणात सर्वत्र दिसणारी काटेसावर हिवाळ्यात पाने गाळते. जानेवारी ते मार्चदरम्यान निष्पर्ण फांद्यांवर लाल फुले येतात. मैना, बुलबुल, कावळे दिवसा आणि वटवाघळे रात्री मधासाठी येतात. त्यातून परागीभवन होते. एप्रिल-मेमध्ये बोंडे उकलून कापसासह बी वाऱ्यावर उडते आणि जूनच्या पावसात रुजते.

बियांची घाई कशासाठी?

बोंड उकलण्याआधी ते उतरवावे लागते. त्यासाठी जेमतेम काही आठवडे मिळतात. पळसाच्या शेंगा त्यानंतर मे-जूनमध्ये पिकतात. जांभळाचे बी तर काही आठवड्यांतच रुजण्याची क्षमता गमावते. म्हणजे मिश्र देशी जंगल उभे करायचे तर उन्हाळाभर बी गोळा करत राहावे लागते.

कायदा काय सांगतो?

राज्याच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावणे, ती किमान सहा फूट उंच असणे आणि सात वर्षे त्यांची देखभाल करणे अपेक्षित आहे. सहा फुटी रोपासाठी रोपवाटिकेची तयारी दोन-तीन वर्षे आधी सुरू व्हायला हवी. झाडतोडीची परवानगी मिळाल्यावर शोधाशोध केली, तर जे तयार असेल तेच लावले जाते. मग मादागास्करहून आलेला गुलमोहर सहज मिळतो. ऐन, पळस, काटेसावर मागे पडतात.

मग काय विचारावे?

रोप जगले तरी पहिला बहर येण्यास अनेक वर्षे लागतात. तोपर्यंत त्या फुलांवर येणाऱ्या पाखरांचा उन्हाळ्यातील आधार तुटलेलाच राहतो. त्यामुळे किती रोपे लावणार, एवढाच प्रश्न पुरेसा नाही. कोणत्या जातीची, बी कुठले आणि ते कधी गोळा केले, हेही परवानगीपूर्वी विचारायला हवे.